‘आजवर वापरलेले नाही’ याखाली सही करू का?

या वेळचं पत्र बेलापूरहून आलंय. मोठं होतं. ओळख पटेल असे तपशील काढून थोडक्यात देते. उत्तर त्यांना मेलनं आधीच गेलंय, कारण त्यांच्याकडे सोमवारपर्यंतच वेळ होता. इथे बाकीच्यांसाठी छापतेय.

“मी कळव्यात राहते. ठाण्याहून पनवेल लोकल पकडून बेलापूरला एका क्लिअरिंग एजंटच्या, म्हणजे कस्टम्समधून माल सोडवून देणाऱ्याच्या, ऑफिसात जाते. अकरा वर्षं झाली. न्हावा शेवा बंदरात उतरणाऱ्या मालाचं डॉक्युमेंटेशन माझ्याकडे असतं. इन्व्हॉइस, पॅकिंग लिस्ट, बिल ऑफ लेडिंग (जहाज कंपनीची मालाची पावती) ताडून बघायचं, बिल ऑफ एंट्रीची (कस्टम्सला द्यायच्या आयातीच्या कागदाची) चेकलिस्ट काढायची, शिपिंग लाइनला मेल करायचे. कामात चूक निघत नाही, पण शिक्षण मराठी शाळेत झालं आणि इंग्रजी लिहिताना हात अडतो. माझे मेल मोठे साहेब लाल पेनानं दुरुस्त करून द्यायचे, तेही सगळ्यांसमोर.

दीड वर्षापूर्वी ऑफिसातल्या एका मुलानं माझ्या फोनवर चॅटजीपीटी टाकून दिलं. तेव्हापासून मेल त्यातून करते. पुढे इन्व्हॉइस आणि पॅकिंग लिस्टचे फोटो टाकून फरक शोधायलाही वापरलं. दोनचारदा एचएस कोड, म्हणजे ज्यावरून ड्यूटी ठरते तो मालाचा नंबर, विचारला. पीडीएफ लहान करायला एक फुकट वेबसाइट आहे, ती तर आम्ही सगळेच वापरतो. या वर्षी पगारवाढीच्या वेळी धाकटे साहेब म्हणाले, ‘तुमचं कम्युनिकेशन फार सुधारलं.’ आनंद झाला आणि लाजही वाटली.

आता धाकट्या साहेबांनी एक कागद काढलाय. ‘मी कंपनीने मंजूर न केलेले कोणतेही सॉफ्टवेअर, ॲप किंवा एआय साधन आजवर वापरलेले नाही व यापुढे वापरणार नाही.’ सोमवारपर्यंत सही करून द्यायचीय. बाकीचे बिनधास्त करताहेत. मी खरं सांगितलं तर त्या मुलाची नोकरी जाईल अशी भीती वाटते. नवरा म्हणतो, हिस्ट्री डिलीट कर आणि सही करून मोकळी हो. काय करू?”

ताई,

आहे त्या मजकुराखाली सही करू नका, आणि हिस्ट्री डिलीट करू नका. तेवढं आधी सांगून टाकते, आता सावकाश बोलू.

त्या कागदावरच्या एका वाक्यात दोन गोष्टी कोंबल्यात. ‘यापुढे वापरणार नाही’ हे वचन झालं, ते तुम्ही देऊ शकता. ‘आजवर वापरलेले नाही’ ही झाली साक्ष, आणि ती खोटी आहे. तुम्ही वापरायला लागलात तेव्हा ऑफिसात याबद्दल कसलाच नियम नव्हता, निदान तुमच्या पत्रावरून तसं दिसतं. नियमच नसताना केलेल्या कामाबद्दल कुणी फार तर रागावेल. लेखी खोटं मात्र फाइलला लागून कपाटात राहतं आणि नको त्या दिवशी सापडतं. मी वागळे इस्टेटमधल्या एका कारखान्यात एस्टॅब्लिशमेंटला, म्हणजे कर्मचाऱ्यांच्या फाइली सांभाळणाऱ्या खात्यात, सव्वीस वर्षं होते. चुकीमुळे नोकरी गेलेली माणसं मी थोडी पाहिली. चुकीनंतर दिलेल्या खोट्या खुलाशामुळे गेलेली जास्त.

नवऱ्याचा राग येऊ देऊ नका. घरात हप्ते चालू असताना कुठलाही माणूस हेच म्हणेल. पण ती हिस्ट्री म्हणजे तुमची एकमेव साक्षीदार आहे. उद्या कुणी म्हणालं की यांनी पार्टीचे, म्हणजे आयातदाराचे, सगळे रेट बाहेर दिले, तर ‘नाही, एवढंच टाकलं होतं’ हे दाखवायला तुमच्याकडे दुसरं काय आहे?

आणि खरं सांगू? तुमच्या ऑफिसात त्या कागदावर प्रामाणिकपणे सही करू शकेल असा एक माणूस मला दिसत नाही, धाकट्या साहेबांसकट. आयातदार कागद कशावर पाठवतो? सीएफएसमधला, म्हणजे बंदराबाहेरच्या कंटेनर गोदामातला, माणूस सीलचा फोटो कशावर टाकतो? ते व्हॉट्सॲप कंपनीनं कधी आणि कुणाच्या सहीनं मंजूर केलं होतं? २०२० पर्यंत कितीतरी ऑफिसं फोनवर कागद स्कॅन करायला कॅमस्कॅनर वापरत होती. त्या वर्षी २९ जूनला सरकारनं ५९ चिनी ॲपवर बंदी घातली, त्यात ते गेलं, आणि मग लोकांची धावपळ सुरू झाली की आपले जुने कागद कुणाच्या घरी पडलेत. मोठ्यांचंही वेगळं नाही. सप्टेंबर २०२२ मध्ये अमेरिकेच्या ‘सेक’ या शेअर बाजार नियामकानं वॉल स्ट्रीटवरच्या १६ संस्थांना मिळून १.१ अब्ज डॉलरहून जास्त दंड केला. धंद्याची बोलणी माणसं स्वतःच्या फोनवरून, मेसेज आणि व्हॉट्सॲपवर करत होती आणि संस्थेकडे त्याची नोंद नव्हती. त्यात वरच्या खुर्च्यांवरचेही होते.

आमच्या कारखान्यात स्टोअरला एक कारकून होते. बिन कार्डावरचा, म्हणजे मालाच्या नोंदीच्या कार्डावरचा, साठा आणि रॅकवरचा माल कधी जुळायचा नाही, म्हणून त्यांनी स्वतःची वेगळी वही ठेवली होती. लांबट, लाल कापडी बांधणीची. प्रॉडक्शनवाले कार्ड न बघता थेट त्यांनाच विचारायचे. मुलीच्या लग्नासाठी ते पंधरा दिवस सांगलीला गेले आणि तिसऱ्या दिवशी लाइन थांबली. ड्रॉवरचं कुलूप तोडून वही काढली, तर आतल्या खुणा त्यांच्या त्यांनाच कळणाऱ्या. परत आल्यावर मॅनेजरनं त्यांची चांगलीच हजेरी घेतली. मी तेव्हा नवीन होते, मलाही वाटलं, काय हा आगाऊपणा. बिन कार्ड मुळात का जुळत नाही, हे विचारायला मात्र त्या दिवशीही कुणी स्टोअरपर्यंत गेलं नाही. तुमचा फोन म्हणजे मला ती वहीच वाटते. फक्त तुमची वही दुसऱ्याच्या कपाटात ठेवलेली आहे, आणि त्यात काय काय लिहिलं गेलं ते बघायलाच हवं.

मेलचं आधी. ‘जहाज उशिरा लागलं, फ्री डेज वाढवून द्या, डिटेन्शन लावू नका’, म्हणजे कंटेनर फुकट ठेवायचे दिवस वाढवा आणि तो उशिरा परत केल्याचा आकार घेऊ नका, हे तुम्ही नीट इंग्रजीत करून मागितलंत. त्यात कंटेनर नंबर गेला असेल, कधी पार्टीचं नाव. ते काढून टाकायला हवं होतं हे खरं, पण एवढ्यानं आभाळ कोसळत नाही. आणि ती लाज सोडून द्या. डेमरेज (माल बंदरात पडून राहिल्याचा आकार) कुठे संपतं आणि डिटेन्शन कुठे सुरू होतं, लाइनवाल्यापुढे कधी नमतं घ्यायचं आणि कधी त्याच्याच तारखा त्याच्यासमोर ठेवायच्या, हे त्या ॲपला कुणी सांगितलं? तुम्हीच मराठीत सांगितलं असणार. इंग्रजी आधी लाल पेनाचं होतं, आता याचं आहे. पगारवाढ तुमचीच.

फोटोंचं प्रकरण निराळं. अख्ख्या इन्व्हॉइसचा फोटो म्हणजे पुरवठादाराचं नाव, दर, नग, पैसे द्यायच्या अटी, सगळंच. अमुक पार्टीला अमुक माल परदेशातून काय भावानं पडतो हे कळण्यासाठी तिचे तुर्भ्यातले नाहीतर भिवंडीतले स्पर्धक काय काय करतील, ते तुम्हाला माझ्याहून जास्त माहीत. सरकारही ही माहिती नाजूकच मानतं. २०२२ मध्ये सीमाशुल्क कायद्यात १३५ एए हे कलम घातलं गेलं. आयात-निर्यात मालाची किंमत, वर्गीकरण, नग किंवा आयातदाराचा तपशील कायद्याची गरज नसताना प्रसिद्ध केला, तर सहा महिन्यांपर्यंत कैद, ५० हजार रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही. लगेच छातीत धडधडू देऊ नका, चॅटबॉटला फोटो दाखवला म्हणजे ‘प्रसिद्ध केला’ असं मी म्हणत नाहीये. पण पार्टीनं ते कागद तुमच्या मालकांना दिले होते आणि ते गेले तुमच्या खासगी खात्यात. फुकटच्या खात्यातला मजकूर, आपण सेटिंग बदललं नसेल तर, पुढचं मॉडेल तयार करायलाही वापरला जाऊ शकतो. २०२३ मध्ये सॅमसंगच्या इंजिनिअरांनी कंपनीचा सोर्स कोड असाच चॅटजीपीटीत टाकला होता. त्यांनाही कुणाला काही विकायचं नव्हतं, काम उरकायचं होतं. कंपनीनं त्या मे महिन्यात अशी साधनं ऑफिसच्या कॉम्प्युटरवर बंदच करून टाकली.

आता ती पीडीएफची वेबसाइट. तिच्यावर तुम्ही जेमतेम एक ओळ लिहिलीत, आणि मला सगळ्यात जास्त काळजी तिचीच वाटते. आयातदाराचं केवायसी, संचालकांचं आधार, पॅन, सहीचे नमुने, हे सगळं कुणाच्या तरी सर्व्हरवर चढवायचं, का तर फाइल मोठी आहे आणि ई-संचितवर, कस्टम्सच्या कागद चढवायच्या पोर्टलवर, जात नाही. तो सर्व्हर कोणत्या देशात आहे, कुणाचा आहे, फाइल खरंच पुसतो का, तुमच्या ऑफिसात कुणी विचारलंय? २०१७ मध्ये नॉर्वेच्या स्टॅटऑइल या तेल कंपनीच्या लक्षात आलं, की आपल्या लोकांनी एका फुकट भाषांतराच्या वेबसाइटवर टाकलेला मजकूर गूगलवर शोधला तर चक्क सापडतोय. नोकरकपातीची पत्रं, करार, पासवर्डसुद्धा. तुमच्या धाकट्या साहेबांनी कागदात ‘एआय’ लिहिलं, कारण तो शब्द पेपरात रोज येतो. ‘वेबसाइट’ त्यांना सुचलंही नाही.

बरं, यावर उपाय अगदी किरकोळ आहे. स्कॅन करतानाच रंगीत ३०० डीपीआयऐवजी काळं-पांढरं, १५० किंवा २०० डीपीआय ठेवा, निम्म्या फाइली लहान करायची वेळच येणार नाही. उरलेल्यांसाठी पीडीएफ२४ सारखं सॉफ्टवेअर कॉम्प्युटरवर उतरवून घेता येतं. ते इंटरनेटशिवाय चालतं, फाइल मशीनच्या बाहेर जात नाही. (त्यांची वेबसाइटही आहे. ती नको, उतरवून घेतलेलं.) हे मात्र साहेबांनी हो म्हटल्यावरच, नाहीतर पुन्हा तेच.

एचएस कोडबद्दल जरा कडक बोलते. आपल्याकडचा कोड आठ आकडी. पहिले सहा आकडे जगभर सारखे, पुढचे ज्याचे त्याचे. हे ॲप तुम्हाला आठ आकडे ठणठणीत आवाजात देईल, पण शेवटचे दोन आपल्या टॅरिफमधले, म्हणजे ड्यूटीच्या सरकारी तक्त्यातले, आहेत की दुसऱ्याच देशाचे की कुठलेच नाहीत, याची हमी कोण देणार? कोड चुकला की ड्यूटीचा फरक, त्यावर व्याज, वर दंड, आणि क्लिअरिंग एजंटच्या लायसन्सवर बोट. त्या दोनचार शिपमेंटच्या फाइली शनिवारीच काढा आणि टॅरिफ समोर ठेवून कोड पुन्हा तपासा. बरोबर निघाले तर सुटलात. एखादा चुकलेला निघाला तर ती गोष्ट यादीत सगळ्यात वर घ्या. आपण होऊन दुरुस्ती करायला कायद्यात वाट आहे, साहेबांना ती ठाऊक असेल. नोटीस आल्यावर ती वाट फार अरुंद होते.

त्या मुलाचं नाव घेऊ नका. विचारलं तर ‘फोन माझा, खातं माझं, वापरलं मी’ एवढंच सांगा, ते शब्दन् शब्द खरं आहे. मात्र सोमवारी आत जाण्याआधी त्याला खाली चहाला नेऊन कल्पना द्या. त्याचं तो ठरवेल. आणि ‘सगळेच वापरतात’ हे वाक्य केबिनमध्ये तोंडातून काढू नका. त्याची लगेच चहाडी होते आणि मूळ विषय बाजूला पडतो. वेबसाइटचं सांगायला हवंच, पण नावांशिवाय : ‘आपल्याकडे केवायसीच्या फाइली या वेबसाइटवर जातात, ते थांबवायला हवं.’

धाकटे साहेब हे सदर वाचत असतील असं नाही, पण त्यांच्यासारखे बरेच जण वाचतात, म्हणून दोन शब्द त्यांच्यासाठीही. त्यांची भीती खोटी नाही. २०२३ चा डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा आहे, त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये आले आणि मुख्य जबाबदाऱ्या टप्प्याटप्प्यानं लागू होताहेत. लोकांची माहिती नीट सांभाळली नाही तर संस्थेला २५० कोटी रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. संस्थेला, कारकुनाला नव्हे. अर्थ मंत्रालयानं जानेवारी २०२५ मध्ये आपल्याच कर्मचाऱ्यांना ऑफिसच्या मशीनवर चॅटजीपीटी, डीपसीक असली साधनं टाळायला सांगितलं, आणि कस्टम्स याच मंत्रालयाखाली येतं. तेव्हा साहेबांनी काहीतरी करायला हवं होतंच. पण केलं काय, तर स्वतःची फाइल स्वच्छ करून घेतली. ‘सर्ट-इन’ या सरकारी सायबर सुरक्षा यंत्रणेचा एप्रिल २०२२ चा आदेश आहे की डेटा फुटण्यासारखी घटना लक्षात आल्यापासून सहा तासांत कळवायची. सहा तास! समजा रात्री नऊला एखाद्या पोराच्या लक्षात आलं की पार्टीची फाइल भलतीकडे गेलीय. ‘आजवर वापरलेले नाही’ यावर सही करून बसलेला तो पोरगा साहेबांना फोन करेल का? तो आधी हिस्ट्री पुसेल. या कागदानं साहेबांनी सगळ्या स्टाफकडून गप्प बसण्याची हमी लिहून घेतलीय, आणि त्यांना ते कळलेलंही नाही.

आता तुमचं सोमवारचं. रविवारी जेवणं उरकली की वही घेऊन बसा आणि दीड वर्षाची हिस्ट्री मागे नेत नेत लिहून काढा : तारीख, कुठली पार्टी, काय टाकलं. दुपार जाईल. त्याच वेळी सेटिंग्जमध्ये डेटा कंट्रोल्सखाली तुमचा मजकूर मॉडेल सुधारायला देण्याचं बटण असतं, ते बंद करा. पुसून टाकायचं ते साहेबांच्या समोर, ते म्हणतील तेव्हा.

जायचं धाकट्या साहेबांकडेच, कारण कागद त्यांचा आहे. मोठ्या साहेबांमार्फत गेलात तर बापलेकांच्या मध्ये सापडाल. सकाळी, एकट्यानं. आत गेल्यावर फार प्रस्तावना नको. “साहेब, यातली ‘यापुढे’वाली ओळ मला मान्य आहे. ‘आजवर’वाली माझ्या बाबतीत खरी नाही. मी काय काय टाकलं त्याची यादी आणलीय.” आणि मग थांबा. चिडले तर चिडू द्यात. शांत झाल्यावर मेलसाठी काय वापरायचं ते विचारा. कंपनीच्या नावानं पैसे भरून बिझनेस खातं घेता येतं, त्यातला मजकूर सहसा मॉडेल शिकवायला घेत नाहीत. देत असतील तर उत्तम. नाही म्हणाले तर त्यांना सरळ सांगा, की मेलना वेळ लागेल आणि ते कुणीतरी वाचून द्यावे लागतील.

‘तरीही सही करा’ असं म्हणाले, तर ‘आजवर’चा भाग एका रेघेनं खोडून, शेजारी सही आणि तारीख घालून द्या, आणि झेरॉक्स मागून घ्या. तो कागद त्यांनी घेतला नाही तर हेच सगळं चार ओळींच्या मेलमध्ये त्यांना पाठवा. माफीनामा लिहू नका. आणि काही झालं, कितीही आवाज चढला, तरी राजीनामा त्या केबिनमध्ये बसून लिहून देऊ नका. घरी या, दोन दिवस जाऊ द्यात. तुमच्यासारखी अकरा वर्षं कागद ताडलेली बाई बेलापूरच्या कुठल्या क्लिअरिंग ऑफिसला नको असेल? पण ते नंतर.

एक राहिलं. पत्राच्या ताजा कलमात तुम्ही सहज लिहून गेलात, की मोठ्या साहेबांचं डिजिटल सिग्नेचरचं टोकन, म्हणजे कॉम्प्युटरला लावून सही करायची ती पेनड्राइव्हसारखी किल्ली, तुमच्या ड्रॉवरमध्ये असतं आणि पिनची चिठ्ठी त्यालाच चिकटवलेली आहे. म्हणजे दीड वर्ष ज्या गोष्टीनं तुमची झोप उडवलीय, तिच्याहून मोठी गोष्ट सगळ्यांच्या देखत त्या ड्रॉवरमध्ये पडून आहे. ज्याची सही त्यानंच ती सांभाळायची, असं माहिती तंत्रज्ञान कायद्याचं ४२ वं कलम सांगतं. त्या टोकनवरून केलेल्या प्रत्येक फाइलिंगला कायदा मोठ्या साहेबांना ओळखतो, आणि गडबड झाली तर मोठे साहेब तुमच्याकडे बोट दाखवणार. सोमवारी यादीबरोबर ते टोकनही घेऊन जा. चिठ्ठी आधी फाडा.